साखर कारखान्याच्या यार्डात ऑटोक्रॉस

आमच्या सांगलीकडं शर्यत म्हटलं की बैलगाडीची, आणि तीही सहा-सात गाड्या शेजारीशेजारी आपापल्या फाटीतनं एकदम सुटणार, मग गट, सेमी, फायनल. त्यामुळं मी ऑटोक्रॉस करतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, किती गाड्या सुटतात एका वेळी? एकच सुटते हो. जुन्नर-खेडच्या घाटात कसा एकटाच बैलगाडा पळतो आणि सेकंदावर नंबर काढतात, तसलाच प्रकार. मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा ट्रॅक करायचा, एकेक गाडी सोडायची, कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढवायचे, ट्रॅक चुकला की ती फेरी बाद. झाला ऑटोक्रॉस. शेजारी दुसरी गाडी नसते त्यामुळं ठोकाठोकीची भीती जवळपास नाहीच, आणि स्पीडही लोकांना वाटतो तेवढा नसतो, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो, साठ-सत्तरच्या वर काटा क्वचितच.

खरं सांगायचं तर याचा नाद लागला तो आंबा घाटामुळं. आमचा एक ग्रुप होता, शनिवारी रात्री मलकापूरच्या पुढं गाड्या घेऊन जायचे, कोण किती वेळात खाली उतरतो वगैरे. मी एक-दोनदा मागं बसून गेलो आणि घरी बायकोला कळलं. ती आरडाओरडा करणारी नाही, चहा देता देता म्हणाली, "रस्त्यावर पळवायची असेल तर गाडी वीक, मैदानात काय करायचं ते कर." विषय संपला. तसंही मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच, रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर वर्षापर्यंत कैद. पण दंडापेक्षा मला तिचं मैदानाचं वाक्य डोक्यात बसलं. मैदान कुठलं?

सांगलीत हा प्रश्न विचारला की दहातले नऊजण कवलापूरची धावपट्टी म्हणतात. मलाही तीच आठवली होती, कारण यूट्यूबवर अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसचे व्हिडिओ बघायचो, तिथं १९७३पासून याची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि हल्ली ती नेब्रास्कातल्या लिंकनला एअरफोर्सच्या जुन्या तळाच्या काँक्रीटवर होते, हजारावर गाड्या येतात. आपली कवलापूरची पट्टी पण वर्षानुवर्षं पडूनच आहे की. पण ती सरकारी जागा, विमानतळ होणार होणार म्हणून प्रत्येक निवडणुकीत गाजणारी, तिथं तुम्ही कोन मांडून गाडी फिरवायला लागला तर आधी गावातले लोक आणि मागून पोलीस येतील. परवानगी कुणाकडं मागायची इथपासनं सुरुवात. सोडून दिलं.

मग जागा मिळाली ती अशी की माझा आत्तेभाऊ एका साखर कारखान्यात काट्यावर आहे. काट्यावर म्हणजे ऊस मोजतात तिथं. गाळप चालू असताना त्या यार्डात पाय ठेवायला जागा नसते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक, रात्रभर रांगा. पण एकदा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मे महिन्यात तेच यार्ड एवढं मोठं आणि एवढं मोकळं दिसतं की बघतच राहावं. निम्मं काँक्रीट, निम्मं दाबलेला मुरूम, कडेला विजेचे खांब. दादा म्हणाला, "अर्ज दे रीतसर, मी साहेबांना बोलतो, पण पोरं गोळा करून धिंगाणा घातलास तर माझी नोकरी जाईल बघ." अर्ज दिला. अटी आल्या त्या अगदी योग्य होत्या, रविवारी सकाळी सातपासून दहापर्यंत, एका वेळी एकच गाडी, खांबांपासून लांब, आग विझवायचा सिलिंडर जवळ, गेटवरच्या वॉचमनकडं सगळ्यांची नावं लिहून द्यायची, आणि गाडीची, माणसाची जबाबदारी आपली.

ही शेवटची अट नीट वाचा, कारण गाडीचा इन्शुरन्स इथं उपयोगाचा नाही. आपल्या पॉलिसीवर बारीक अक्षरात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं वगळलेलं असतं. म्हणजे यार्डात गाडी खांबाला घासली तर पत्रा आपल्या खिशातनं. मी तेव्हाच ठरवलं की ट्रॅक मांडताना कुठल्याही कठीण वस्तूपासून भरपूर अंतर ठेवायचं, आणि जिथं गाडी वळली नाही तर सरळ जाईल त्या दिशेला तर मोकळं रानच पाहिजे. ट्रॅक मांडणाऱ्यानं हा विचार आधी करायचा असतो, मजा कशी येईल हा नंतर.

गाडी कुठली, हा दुसरा प्रश्न लोक विचारतात. माझी २०१२ची स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी, रोज कुपवाड एमआयडीसीला जायची-यायची गाडी, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. तुमच्याकडं असेल ती चालेल, अल्टो चालेल, आय-टेन चालेल, जुनी झेन तर फारच मस्त चालेल. एसयूव्ही मात्र नको, उंच गाडी पटापट डावी-उजवी वळवली की उलटायची शक्यता असते आणि काही आयोजक घेतही नाहीत. पैसे घालवायची पहिली खाज इंजिनावर सुटते, फिल्टर बदलू का, एक्झॉस्ट बसवू का. मिरजेतले माझे मिस्त्री चाचा, त्यांच्याकडं गाडी नेली आणि असलं काहीतरी विचारलं तर ते बॉनेट न उघडताच जॅक लावून गाडीखाली गेले. म्हणाले, "इंजिनाला काय धाड भरलीय, हितं खाली बघ की." उजव्या बाजूचा लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला, एका शॉकअपला तेल सुटलेलं, मागचे लायनर संपत आलेले. हे रस्त्यावर चालवताना कळतच नाही, पण यार्डात पहिल्या तासात कळलं असतं. ते सगळं केलं, ब्रेक ऑइल बदललं, पुढचे पॅड नवीन टाकले. इंजिन जसं होतं तसं, आजतागायत.

कोनांसाठी आधी खेळाच्या दुकानातनं फुटबॉलच्या सरावाचे छोटे आणले होते. ते गाडीत बसल्यावर बॉनेटच्या खाली दिसेनासे होतात, काही उपयोग नाही. मग एमआयडीसीतल्या सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानातनं रस्त्यावर असतात ते ७५० मिलिमीटरवाले घेतले. कोन जिथं ठेवायचा तिथं बुडाभोवती फक्कीनं चौकोन मारायचा, कबड्डीच्या मैदानाला मारतो ती फक्की. कोन आडवा पडला किंवा पूर्ण चौकोनाबाहेर गेला तर दंड, नुसता हलला आणि बूड थोडं तरी आत असेल तर दंड नाही. हा अमेरिकेतल्या क्लबांचा नियम, तिकडं कोनाला दोन सेकंद लावतात, आम्ही तेच धरलं. फक्की मारल्याचा दुसरा फायदा म्हणजे पाडलेला कोन परत नेमका कुठं ठेवायचा यावरून भांडणं होत नाहीत.

शिकवायला कोण, तर कोल्हापूरचा एक पोरगा. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथली पोरं देशपातळीवरच्या रेसिंगपर्यंत गेलेली आहेत, हा त्यातला फार पुढं न गेलेला पण डोकं असलेला. वय चोवीस-पंचवीस असेल, मला "दादा" म्हणायचा आणि त्याच आवाजात माझी लाज काढायचा. आल्या आल्या त्यानं माझी सीट पुढं घ्यायला लावली. मी आपला आरामात मागं रेलून एका हातानं चालवणारा माणूस. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि हात घड्याळात पावणेतीन वाजल्यावर काटे असतात तिथं. पहिल्यांदा असं बसलो तर आरटीओच्या टेस्टला बसल्यासारखं वाटलं. पण दोन रविवारांनी रस्त्यावर पण तसाच बसायला लागलो आणि कंबरदुखी कमी झाली हा बोनस.

पहिल्या दिवशी त्यानं ट्रॅक मांडलाच नाही. एकच कोन ठेवला मधोमध आणि म्हणाला याच्याभोवती गोल फिरत राहा. दुसऱ्या गिअरमध्ये, साधारण पंधरा मीटरच्या अंतरानं, एकसारखा ॲक्सिलेटर, गोल गोल. मग म्हणाला थोडं वाढव. अजून वाढव. एका ठिकाणी असं झालं की स्टिअरिंग तेवढंच वळवलेलं आहे, पण गाडीचं नाक हळूहळू बाहेर जायला लागलं, गोल मोठा होत गेला, पुढच्या टायरमधनं आधी कण्हल्यासारखा आणि मग किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. माझे हात आपोआप स्टिअरिंग अजून वळवायला लागले. तो शेजारून, "दादा, वळवू नको, टायर आधीच दमलाय, त्याला अजून काम सांगून काय होणार? ॲक्सिलेटर सोड जरासा." जरासा सोडला, आणि गाडी स्वतःहून आत आली, नाक कोनाकडं वळलं. हात हललेच नव्हते.

त्यानंतर त्यानं सांगितलं की आता ॲक्सिलेटर एकदम सोड. सोडला तर मागचा भाग बाहेर सटकला, कोन उजव्या खिडकीतनं एकदम समोरच्या काचेत आला, गाडी आडवी होऊन थांबली, इंजिन बंद. धूळ, टायरचा वास, आणि वॉचमन काका खुर्चीतनं उठून उभे. कारण साधं आहे, ॲक्सिलेटर सोडला की वजन पुढं येतं, पुढच्या टायरवर भार वाढतो, मागचे टायर हलके होतात, आणि स्विफ्टची मागची बाजू आधीच हलकी. हे पुस्तकात वाचून कळतं, पण कमरेला कळायला ते गोल फिरणंच लागतं. मी तर म्हणतो नव्या माणसानं ट्रॅकबिक काही करू नये, पहिली सकाळ अख्खी गोलच फिरावं, घड्याळाच्या दिशेनं आणि उलट्या दिशेनं पण. उलट्या दिशेला ड्रायव्हर वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो, कोन लांबचा वाटतो आणि अंदाज सगळा बदलतो.

ब्रेकचं शिक्षण त्यामानानं लवकर झालं. सरळ रेषेत पन्नासनं यायचं आणि दोन कोनांच्या मध्ये थांबायचं. एबीएस नसल्यामुळं जोरात दाबला की पुढची चाकं लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक वळत नाही, तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाणार. तेव्हा पेडल किंचित सोडायचं, चाक फिरायला लागलं की मग वळवायचं. शहाण्या माणसानं ब्रेकचं सगळं काम वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उरकावं. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांना हा ताप नाही, त्यांनी बिनधास्त पूर्ण दाबावा, पायाखाली थरथर होते त्याला घाबरून पाय उचलू नये एवढंच.

आणि मग स्लॅलम. एका ओळीत कोन, मधनं नागमोडी जायचं. दिसायला सोपं आहे आणि तिथंच सगळे गळतात. पहिल्या दोन कोनांना सगळे छान जातात, तिसऱ्याला उशीर होतो, चौथ्याला अजून, पाचवा कोन बंपरखाली. मला वाटायचं माझे हात हळू आहेत. पोरानं मला गाडीतनं उतरवलं आणि तिसऱ्या कोनाजवळ उभं केलं, म्हणाला आता दुसऱ्यांची डोकी बघ, गाडी बघू नको. आमच्यात एक बेदाण्याचे व्यापारी आहेत तासगावचे, वयानं मोठे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची जुनी होंडा सिटी व्हीटेक. अण्णा यायला लागले. मान सरळ, नजर पहिल्या कोनावर. पहिला कोन खिडकीजवळ आला तेव्हा नजर दुसऱ्यावर गेली. दुसरा खिडकीजवळ आला तेव्हा तिसऱ्यावर. म्हणजे जो कोन पार करायचाय त्याच्याकडंच बघत होते, आणि तिसऱ्यापाशी येईपर्यंत गाडी नजरेच्या पुढं गेलेली. मग तो पोरगा स्वतः अण्णांचीच सिटी घेऊन आला. त्याचं डोकं पहिल्या कोनाआधीच तिसऱ्याकडं होतं, पहिला कोन त्याच्या दारापासून वीतभर अंतरानं गेला आणि त्यानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. हात सावकाश. गाडी तीच, टायर तेच, आणि अण्णांपेक्षा तीन सेकंद कमी.

मला वाटतं सगळा ऑटोक्रॉस यातच आहे. गाडी नजरेच्या मागं येते. ज्या कोनाची भीती वाटते त्याच्याकडं बघत राहिलं की नेमका तोच पडतो, आणि पुढच्या मोकळ्या जागेकडं बघितलं की गाडी तिकडं जाते. पॉवर, टायर, सस्पेन्शन हे सगळं खरं आहे पण ते नंतरचं, आधी मान वळली पाहिजे. अण्णांना हे पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं होतं की पुढं बघितलं तर जवळचा कोन लागेल. मग पोरानं त्यांना गाडी न चालवता नुसतं चालत स्लॅलम करायला लावलं, पायाकडं न बघता. चालताना माणूस पायाकडं बघत नाही तरी खड्ड्यात पडत नाही, हे अण्णांनी मान्य केलं आणि पुढच्या फेरीत त्यांचा एकच कोन पडला.

टायरच्या हवेचा एक प्रयोग सांगतो, फुकट आहे. टायरच्या बाजूला, जिथं नक्षी संपून साइडवॉल सुरू होते, तिथं बारकाईनं बघितलं की छोटा त्रिकोण छापलेला दिसतो. त्याच्यावरनं खडूनं आडव्या रेघा मारायच्या, नक्षीपासून साइडवॉलपर्यंत. दोन फेऱ्या मारून या आणि बघा खडू कुठपर्यंत पुसलाय. त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला असेल तर वळताना टायर दुमडून साइडवॉलवर चाललाय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बराच अलीकडं थांबला असेल तर हवा जास्त झाली. माझे १६५/८० आर १४ साइजचे टायर, उंच साइडवॉलचे, रोजच्या तीस पीएसआयला अक्षरशः लोळायचे. काँक्रीटवर पुढच्या टायरमध्ये सदतीस-अडतीसपर्यंत नेल्यावर खडू त्रिकोणाशी थांबायला लागला आणि स्टिअरिंगला गाडी लगेच ऐकायला लागली. घरी जाताना मात्र परत हवा कमी करायची आठवण ठेवा, नाहीतर सांगली-तासगाव रस्त्यावर मणका मोजून घ्याल.

पावसाळा संपल्यावर आमच्यातल्या तिघांनी एका खऱ्या इव्हेंटला नाव दिलं, कोल्हापूरकडच्या एका क्लबचा. आता इथं एक फरक आहे तो माहीत असू द्या. अमेरिकेत हा खेळ डांबर नाहीतर काँक्रीटवर, ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे गवत-मातीवर, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मातीवरच. म्हणजे आमचं काँक्रीटवरचं निम्मं शिक्षण तिथं उपयोगी, निम्मं नाही. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते, चेन्नईची संस्था, तिची परवानगी असलेल्या स्पर्धेला लायसन्स लागतं, ते कसं काढायचं हे आयोजक सांगतात. फॉर्मवर ब्लड ग्रुप, जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर, सही. तो नंबर लिहिताना बायको शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "माझा नको, तुझ्या आत्तेभावाचा दे, त्यानंच जागा दिली होती ना."

गाडी तपासतात, त्याला स्क्रुटिनी म्हणतात, आणि निम्म्या नवख्यांचा घाम तिथंच निघतो. स्टेपनी, जॅक, व्हील पाना, डिकीतली पाण्याची बाटली, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, आरशाला लटकवलेला गणपती, डॅशबोर्डवरचं अत्तर, सगळं बाहेर. पायाखालची मॅट विशेष, ती सरकून ब्रेकखाली गेली तर विषयच संपला. बॅटरी हलवून बघतात, व्हील नट बघतात, ब्रेक पेडल दाबून बघतात, ॲक्सिलेटर सोडल्यावर पटकन वर येतो का बघतात, कुठं तेल गळतंय का, टो हुक आहे का. हेल्मेट बघतात, स्टिकर बघतात. आमच्या पुढच्या गाडीची बॅटरी क्लँपशिवाय नुसती ठेवलेली निघाली, त्या भावानं सुतळी मागितली, मार्शल म्हणाला सुतळी नाही चालत, तो धावत गावात गेला आणि पत्र्याची पट्टी मारून आला. बूट लेस बांधायचे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. चप्पल घालून आलेला एकजण प्रेक्षक म्हणूनच घरी गेला.

त्यानंतर ट्रॅक वॉक. चालत ट्रॅक बघायचा, गाडीनं नाही. लोक गप्पा मारत, सेल्फी काढत एक चक्कर मारतात आणि चहाला जातात. आमच्या पोरानं आधीच दम दिला होता, तीनदा चाला आणि एकट्यानं चाला, आणि अवघड वळणांपाशी खाली बसा, कारण गाडीत तुमचे डोळे उभ्या माणसाच्या उंचीवर नसतात. बसून बघितलं तर खरंच कोनांची नुसती भिंत दिसते, कुठून आत कुठून बाहेर काही कळत नाही. आडवे पाडून ठेवलेले कोन दिशा दाखवतात, त्यांचं टोक जिकडं असेल, उभ्या कोनाच्या त्या बाजूनं गाडी न्यायची असते. तिसऱ्या फेरीनंतर मी गाडीत डोळे मिटून बसलो आणि मनात सगळा ट्रॅक चालवला, कुठं ब्रेक, कुठं मान. एका ठिकाणी मनातच अडकलो, स्लॅलमनंतर डावीकडं का उजवीकडं, म्हणून परत जाऊन बघून आलो.

पहिल्या फेरीला माती ओली होती, टँकरनं पाणी मारलेलं. झेंडा पडला, सोडली, पहिलं वळण आलं आणि गाडी काँक्रीटवर जिथं वळली असती त्याच्या दोन गाड्या पुढं जाऊन वळली. मातीवर सगळंच आधी करावं लागतं. ब्रेक आधी, वळण आधी, आणि मग गाडी घसरत घसरत जिथं पाहिजे तिथं येते. यू-टर्नला हँडब्रेक ओढायचा असतो, क्लच दाबून, बटण दाबलेलंच ठेवून, क्षणभर, की मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरतं. मी ओढला, शेपूट अर्धं फिरलं, एक कोन डिकीखालून गेला. पण ट्रॅक चुकलो नाही. आमच्यातल्या तिसऱ्यानं, त्याचं नाव घेत नाही कारण तो हे वाचणार, एवढी सुंदर फेरी मारली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग कळलं की एक गेट, म्हणजे दोन कोनांमधली वाट, सोडून दिलंय. बाद.

दुसऱ्या फेरीपर्यंत माती सुकून वरची सैल माती कडेला गेली होती आणि मधे कडक, चकचकीत पट्टा निघाला होता. त्या पट्ट्यावर पकड चांगली, बाहेर गेला की गोट्यांवर गेल्यासारखं. आता एवढंच करायचं होतं, पट्ट्यावर राहायचं आणि पुढं बघायचं. शेवटच्या फेरीत एका लांब उजव्या वळणात मला आठवतंय, नाक बाहेर जायला लागलं, टायरचा आवाज मातीत येत नाही पण स्टिअरिंग एकदम हलकं होतं, तेच ते यार्डातल्या गोलातलं. हात न हलवता पाय जरासा उचलला. नाक आत आलं. त्या एका क्षणासाठी मे महिन्यातली सगळी धूळ खाल्ल्याचं चीज झालं. वेळ पहिल्या फेरीपेक्षा सहा सेकंदांनी कमी आली, कोन शून्य. गटात नंबर मधला, वर जेवढे तेवढेच खाली. पहिला आलेला जुन्या एस्टीमवाला, पन्नाशीचा माणूस, बोलायला एकदम साधा. त्याला विचारलं काय केलंय गाडीला, तर म्हणाला, "टायर नवीन आहेत, आणि मी बारक्यापणापासनं मातीतच चालवतोय."

खर्चाचं विचारत असाल तर सगळ्यात जास्त गेले ते चाचांकडं, जे तसेही जायलाच हवे होते. मग टायर, पुढची जोडी रस्त्यावर जेवढी चालली असती त्याच्या निम्मीच चालली, कडा आधी संपतात, म्हणून मधनंच पुढचे मागं केले. एअर फिल्टर मातीच्या इव्हेंटनंतर लगेच काढून झटका, आमच्या फिल्टरमधनं वाटीभर माती निघाली. हेल्मेट घेताना एकदाच चांगलं घ्या. बाइकचं आयएसआयवालं लोकल सरावाला चालतं, पण पुढं मोठ्या स्पर्धेत जायचा विचार असेल तर नियमावली आधी वाचा, कारण बाइकचं आणि कारचं हेल्मेट वेगळं असतं, स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनात एम म्हणजे मोटरसायकलचं आणि एसए म्हणजे कारचं, कारच्या हेल्मेटची आगीची वेगळी चाचणी झालेली असते.

आता कारखान्याचा बॉयलर पेटलाय, यार्डात ट्रॉल्या लागायला लागल्यात, त्यामुळं आमचं काँक्रीट पुढच्या एप्रिल-मेपर्यंत बंद. तोवर एका पोल्ट्रीवाल्याच्या माळरानाचं बघतोय कवठेमहांकाळकडं, तिथं सगळा मुरूमच आहे, मातीच्या सरावाला बरं पडेल. अण्णा जेसीबी लावून दगड काढून देतो म्हणालेत. कोण येणार असेल तर आधी लोअर आर्म बघून या, आणि मॅट घरी ठेवून या.